वीस विद्यार्थ्यांचे मेंटॉर होताना: पदवी महाविद्यालयातील नव्या शिक्षकांसाठी

प्रवेश आटोपून वर्ग सुरू झाले की बहुतेक महाविद्यालयांत एक यादी शिक्षकांच्या हाती पडते. तीत वीस-पंचवीस विद्यार्थ्यांची नावे, हजेरी क्रमांक व मोबाइल क्रमांक असतात आणि वर मेंटॉर म्हणून आपले नाव असते. अभियांत्रिकी महाविद्यालयांत या शिक्षकाला जीएफएम (गार्डियन फॅकल्टी मेंबर) म्हणतात, तर काही ठिकाणी पालक-प्राध्यापक म्हणतात. नॅकच्या, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या, मूल्यांकनात मेंटॉर आणि विद्यार्थी यांचे गुणोत्तर विचारले जाऊ लागल्यापासून ही यादी होतेच. पुढे काय करायचे, हे मात्र नव्या सहायक प्राध्यापकाला सहसा कोणी सांगत नाही. परिणामी वर्षभर काही घडत नाही आणि समितीच्या भेटीआधीच्या आठवड्यात एकाच पेनाने, एकाच बैठकीत सगळ्या सह्या होतात. पुढील सूचना तालुक्याच्या ठिकाणच्या कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयातील शिक्षक डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत. शहरातील शिक्षकांना त्यांतील एसटीच्या जागी लोकल वाचता येईल.

या व्यवस्थेमागची मूळ अपेक्षा फाइलीपेक्षा बरीच मोठी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी विनियमांत असे म्हटले आहे की, नवागतांचे लहान गट करून प्रत्येक गट एका शिक्षकाकडे सोपवावा आणि त्या शिक्षकाने गटातील प्रत्येकाशी रोज स्वतंत्रपणे बोलून त्याच्या अडचणी जाणून घ्याव्यात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनेही प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी आखलेल्या प्रारंभिक कार्यक्रमात सुमारे वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक धरला आहे. दिवसाचे सगळे तास घेऊन वर परीक्षा विभागाचे काम सांभाळणाऱ्या शिक्षकाला रोज वीस जणांशी बोलणे जमणार नाही, हे उघड आहे. वीसपैकी कोणाचे वागणे नेहमीपेक्षा बदलले आहे, हे ध्यानात येण्याइतकी ओळख ठेवणे मात्र जमते. माझ्या मते या कामाचा गाभा तेवढाच आहे: ओळख ठेवावी, बदल टिपावा, आणि ज्या दाराशी अडचण सुटण्यासारखी आहे तिथपर्यंत विद्यार्थ्यासोबत जावे.

पहिल्या भेटी

गटाची पहिली एकत्र बैठक अर्ध्या तासापेक्षा मोठी नसावी आणि ती सभागृहात न घेता रिकाम्या वर्गखोलीत घ्यावी. प्रत्येकाला उभे करून नाव, गाव आणि बारावीची टक्केवारी सांगायला लावण्याची पद्धत टाळावी, कारण ज्याला पन्नास टक्के मिळाले आहेत तो त्या क्षणापासून गटात मागे बसतो. या बैठकीत तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. आपण आठवड्यातून कोणत्या वारी, कोणत्या वेळी आणि कुठे भेटू शकतो, ही पहिली. आपण कशात मदत करू शकतो आणि कशात नाही, ही दुसरी. अंतर्गत गुण वाढवून मिळणार नाहीत किंवा हजेरी भरून मिळणार नाही, हे त्याच दिवशी सांगितलेले बरे असते. तिसरी गोष्ट गुप्ततेची. सांगितलेले आपण इतरत्र बोलणार नाही, मात्र कोणाच्या जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका दिसला तर योग्य व्यक्तीला कळवावे लागेल, हे आधीच सांगितलेले असले म्हणजे पुढे विश्वासघाताचा प्रश्न उरत नाही.

त्यानंतरच्या तीन-चार आठवड्यांत प्रत्येकाशी दहा-दहा मिनिटे स्वतंत्र बोलावे. खरी ओळख इथेच होते. ‘काही अडचण आहे का?’ असे विचारले तर ‘नाही सर’ हेच उत्तर मिळते. ते वर्षानुवर्षे ठरलेले आहे. त्याऐवजी उत्तरात माहिती येईल असे साधे प्रश्न विचारावेत: घरून किती वाजता निघतोस, कोणत्या गाडीने येतोस, डबा आणतोस की मेसला जेवतोस, कॉलेज सुटल्यावर काय करतोस, वर्गात आधीपासून कोणाला ओळखतोस, नोट्स कोणाकडून घेतोस. ‘वडील काय करतात?’ हा प्रश्न सहज तोंडी येतो, पण वडील हयात नसलेल्या किंवा घर सोडून गेलेल्या मुलाला तो नको असतो. ‘घरी कोण कोण असतं?’ असे विचारले की त्याला जेवढे सांगायचे असेल तेवढे तो सांगतो. जात-प्रवर्ग इतरांसमोर विचारू नये. शिष्यवृत्तीच्या कामासाठी तो प्रवेश अर्जात पाहता येतो. विद्यार्थ्यांना ‘तू’ म्हणण्याची आपल्याकडची रीत बदलण्याचे कारण नाही, परंतु लग्नानंतर शिक्षण पुन्हा सुरू केलेल्या किंवा सैन्यातून निवृत्त होऊन आलेल्या विद्यार्थ्यांना ‘तुम्ही’ म्हणावे. ही भेट स्टाफरूमच्या कोपऱ्यात किंवा दार उघडे ठेवून विभागात घ्यावी. तिथे इतरांना माणसे दिसावीत, पण त्यांचे बोलणे ऐकू जाऊ नये. गटातील मुलींना एका सहकारी शिक्षिकेचा क्रमांकही पहिल्याच दिवशी देऊन ठेवावा, कारण काही गोष्टी पुरुष शिक्षकाला सांगितल्या जाणार नाहीत आणि त्यात वावगे काही नाही.

हजेरी वाचायला शिकणे

महिनाअखेरीस वर्गशिक्षकांकडून हजेरीचा तक्ता घेऊन त्यातील एकूण टक्केवारीपेक्षा गैरहजेरीचा आकार पाहावा. ७५ टक्क्यांच्या खाली असलेल्यांना नोटीस लावण्याचे काम कार्यालय करतेच. मेंटॉरने पाहायचे ते असे की, कोण फक्त पहिला तास चुकवतो, कोण सोमवारीच येत नाही, कोण प्रॅक्टिकलला येतो पण थिअरीला बसत नाही, आणि आजवर नियमित असलेला कोण अचानक दिसेनासा झाला आहे. पहिला तास चुकवणारा मुलगा बहुधा आळशी नसतो. त्याच्या गावाची एसटी तास सुरू झाल्यावर स्थानकात शिरते, किंवा तो पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावायला जातो. दिवाळीनंतर येईनासा झालेला विद्यार्थी आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेला असू शकतो, किंवा ते गेल्यामुळे धाकट्या भावंडांसाठी आणि जनावरांसाठी घरी थांबलेला असू शकतो. कारण वेगळे असले की उपायही वेगळा करावा लागतो, आणि ‘उद्यापासून नियमित ये’ हा त्यांपैकी कोणत्याच कारणावरचा उपाय नाही.

एसटीचेच उदाहरण घेऊ. गटातील तीन विद्यार्थी एकाच मार्गावरून येतात आणि तिघांचाही पहिला तास चुकतो, असे दिसले तर आधी त्या गाडीची प्रत्यक्ष वेळ त्यांच्याकडून लिहून घ्यावी. मग त्याच मार्गावरील इतर वर्गांतील विद्यार्थ्यांची नावे जमवून, गावांची नावे व पासधारकांची संख्या यांसह प्राचार्यांच्या सहीचे पत्र आगार व्यवस्थापकांना द्यावे. पत्र टपालाने न पाठवता दोन विद्यार्थ्यांना बरोबर नेऊन हाती द्यावे आणि पोहोच घ्यावी. वेळ बदलून मिळेलच असे नाही. मिळाली नाही तर वेळापत्रक समितीकडे त्या वर्गाचा पहिला तास ऐच्छिक विषयाचा किंवा ग्रंथालयाचा ठेवण्याची विनंती करता येते. तेही न जमल्यास त्या विषयाच्या शिक्षकांना कारण सांगून नोट्सची सोय लावावी. यांपैकी काहीच साधले नाही, तरी तिघांना आपल्यासाठी कोणीतरी डेपोत जाऊन आले हे माहीत असते, आणि पुढची अडचण ते आपणहून सांगायला येतात.

नोंदी

मेंटॉरच्या वहीत ‘विद्यार्थ्याशी चर्चा केली, योग्य ते मार्गदर्शन केले’ अशी वाक्ये पानोपानी आढळतात. त्यांवरून सहा महिन्यांनी लिहिणाऱ्यालाही काही आठवत नाही. नोंद अशी असावी: ‘१२ ऑगस्ट. गाडी ७.५० ला पोहोचते, पहिला तास ७.३० ला. आगाराला पत्र देणे. २६ ऑगस्टला पुन्हा विचारणे.’ तारीख, वस्तुस्थिती, ठरलेली कृती आणि पुन्हा पाहण्याची तारीख, या चार गोष्टी असल्या की नोंद पुरते. यातील शेवटची तारीख सर्वांत महत्त्वाची असते आणि नेमकी तीच लिहायची राहते.

जे लिहू नये त्याचाही विचार करावा. ही फाइल विभागप्रमुख, अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष आणि बाहेरून आलेली समिती अशा अनेकांच्या हातून जाते. म्हणून आजार, घरातील भांडणे, प्रेमप्रकरण, कर्ज किंवा छळाची तक्रार यांचा तपशील तीत लिहू नये. ‘वैयक्तिक अडचण, समुपदेशकाकडे पाठवले’ एवढे पुरेसे आहे. आपल्या आठवणीसाठी वेगळी वही ठेवायची असल्यास ती कुलपात ठेवावी आणि तीत नावाऐवजी खूण वापरावी.

विषयांची निवड

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील विद्यापीठांनी पदवीची रचना बदलल्यापासून मेंटॉरचे शैक्षणिक काम वाढले आहे. दर सत्राला २२ श्रेयांक (क्रेडिट), तीन वर्षांच्या पदवीला १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १७६, असा हिशेब आहे. ४४ श्रेयांकांवर प्रमाणपत्र आणि ८८ वर पदविका घेऊन बाहेर पडण्याची मुभाही आहे. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याधारित विषय, भारतीय ज्ञानप्रणाली, ऑन जॉब ट्रेनिंग या जंजाळात विद्यार्थी जवळच्या मित्राने जे घेतले तेच घेतो. तपशील विद्यापीठागणिक वेगळे असल्यामुळे आपल्या विद्यापीठाचे ताजे परिपत्रक मेंटॉरने स्वतः वाचलेले असावे; कार्यालयातील लिपिकाच्या तोंडी माहितीवर विसंबू नये.

निवडीच्या वेळी विद्यार्थ्याला ‘तुला काय आवडते?’ याबरोबरच तीन वर्षांनी कुठे जायचे आहे, हे विचारावे आणि मग उलट्या दिशेने यावे. ज्याला एमएस्सी करायची आहे त्याच्या मेजर विषयाला ती कोणत्या विद्यापीठांत उपलब्ध आहे, बीएड करायचे असेल तर कोणत्या शालेय विषयाचे अध्यापन मिळेल, हे आताच पाहावे लागते. मिळवलेले श्रेयांक ज्यात ऑनलाइन जमा होतात त्या श्रेयांक बँकेतील (एबीसी) खाते उघडले आहे का आणि त्यावरील नाव आधार व बारावीच्या गुणपत्रिकेशी जुळते का, हेही तपासून घ्यावे; आडनावातील एका अक्षराचा फरक अखेरच्या वर्षी फार त्रास देतो.

गटातील निम्मे विद्यार्थी ‘एमपीएससी करणार’ म्हणतील. त्यांना परावृत्त करू नये आणि हुरूपही चढवू नये. परीक्षेचा अभ्यासक्रम पाहिला आहे का, किती प्रयत्न द्यायचे ठरवले आहे, तोवर खर्च कोण करणार आणि निवड झाली नाही तर हाती कोणती पदवी व कोणते कौशल्य असेल, हे चार प्रश्न विचारून उत्तरे त्याच्याच अक्षरात लिहून घ्यावीत. ती उत्तरे दुसऱ्या वर्षी त्याला पुन्हा दाखवता येतात.

शिष्यवृत्ती

पैशाअभावी शिक्षण सुटण्याची वेळ येते तेव्हा कारण पुष्कळदा योजनेच्या अभावापेक्षा कागदाच्या अभावाचे असते. महाडीबीटी या राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरील अर्ज विद्यार्थी सायबर कॅफेतून भरतो, अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनला जातो, तिथून त्रुटीसाठी परत येतो, आणि परत आल्याचे विद्यार्थ्याला कळतच नाही, कारण नोंदवलेला मोबाइल क्रमांक कॅफेवाल्याचा असतो. म्हणून पहिल्या महिन्यातच प्रत्येकाकडून उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, लागू असल्यास नॉन-क्रिमिलेअर व (शिक्षणात खंड पडला असल्यास) खंड प्रमाणपत्र यांपैकी काय आहे आणि काय नाही याचा तक्ता करावा. तहसीलचे दाखले मिळायला वेळ लागतो, आणि मुदतवाढ मिळेल या भरवशावर राहू देऊ नये. बँक खाते आधारशी जोडलेले आहे का, हे वेगळे तपासावे; शाळेत असताना उघडलेले आणि आता बंद पडलेले खातेच आधारशी जोडलेले राहिले, तर मंजूर रक्कमही हाती पडत नाही.

मेंटॉरला योजनांची निदान नावे आणि पात्रतेची ढोबळ कल्पना असावी: भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी अनुसूचित जातींकरिता स्वाधार आणि अनुसूचित जमातींकरिता स्वयंम. व्यावसायिक अभ्यासक्रमांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला, तोही पालकांना अनेकदा ठाऊक नसतो. कमवा आणि शिका योजनेत नाव घालताना काम ग्रंथालयात मिळेल की आवारात झाडलोटीचे, हे आधी विचारून विद्यार्थ्याला सांगावे, म्हणजे तो दोन दिवसांत सोडून जात नाही.

पालकांशी बोलणे

अठरा वर्षे पूर्ण केलेला विद्यार्थी सज्ञान असतो, हे शिक्षक आणि पालक दोघेही विसरतात. जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका असेल ती वेळ सोडली, तर एरवी पालकांना फोन करण्यापूर्वी विद्यार्थ्याला सांगावे, आणि शक्यतो त्याच्यासमोर करावा. फोनची सुरुवात तक्रारीने करू नये. कॉलेजचा फोन म्हणजे काहीतरी वाईट, असे समजून शेतात उभा असलेला बाप घाबरतो. ‘काका, मी कॉलेजमधून बोलतोय, काळजीचं काही नाही’ हे पहिले वाक्य असावे. मुलीच्या बाबतीत अधिक जपावे लागते. तिच्या गैरहजेरीची बातमी घरी कळवल्याने तिचे कॉलेजच बंद होण्याची शक्यता असते, म्हणून आधी तिचे म्हणणे पूर्ण ऐकावे. लग्न ठरल्यामुळे शिक्षण सुटत असेल तर भांडण्यापेक्षा निदान सत्र परीक्षा होऊ द्या, असा आग्रह धरावा आणि पुढे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण करता येते, हे सासरच्यांच्याही कानावर जाईल असे सांगावे.

आपली हद्द

मेंटॉर हा समुपदेशक, वकील किंवा पोलीस नाही. लैंगिक छळाची तक्रार आली तर ती शांतपणे ऐकावी, उलटतपासणी करू नये, समेट घडवू नये, आणि अंतर्गत तक्रार समितीकडे ती लेखी देण्यास मदत करावी. पीडित अठरा वर्षांखालील असेल, आणि प्रथम वर्षात सतरा वर्षांचे विद्यार्थी असतातच, तर बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे आपल्यावर बंधनकारक आहे. संस्थेची बदनामी होईल म्हणून थांबण्याचा सल्ला कोणी दिला तरी तो मानू नये. रॅगिंगसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे. झटपट कर्ज देणाऱ्या ॲपच्या धमक्यांना किंवा ऑनलाइन फसवणुकीला बळी पडलेल्याला सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनच्या १९३० या क्रमांकावर लगेच फोन करायला लावावा, कारण पैसे गोठवायचे असल्यास पहिले काही तास मोलाचे असतात.

विद्यार्थी जगण्याला कंटाळल्यासारखे बोलू लागला, वस्तू वाटून टाकू लागला, झोप आणि जेवण सुटले असे दिसले, तर आडून विचारण्यापेक्षा ‘मरून जावं असं वाटतं का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. उत्तर होकारार्थी असल्यास त्याला एकटे सोडू नये, त्याच्याजवळ बसूनच टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन लावावा; ही सेवा चोवीस तास व मराठीतही मिळते. घरच्या विश्वासातील माणसाला आणि प्राचार्यांना त्याच दिवशी कळवावे. समजूत घालणे, आई-वडिलांच्या कष्टांची आठवण करून देणे, यशस्वी लोकांची उदाहरणे देणे, हे सर्व त्या वेळी टाळावे.

व्हॉट्सॲप गट

गट असावा, पण तो सूचनांपुरता. एकेकट्याला लिहायचे ते दिवसा लिहावे, रात्री नऊनंतर उत्तर देण्याची सवय लावू नये, आणि कोणाच्या कमी गुणांचा, थकलेल्या शुल्काचा किंवा गैरहजेरीचा उल्लेख गटात कधीही करू नये. शुभेच्छा आणि सुविचार यांना बंदी घातल्यास सूचना वाचल्या जातात.

वेळ आणि हस्तांतर

हे काम वेळापत्रकात तास म्हणून दाखवले नाही तर ते होत नाही, म्हणून आठवड्याला एक तास तरी विभागप्रमुखांकडून लेखी मागून घ्यावा. तासिका तत्त्वावरील शिक्षकांवर मोबदल्याविना गट सोपवणे अन्यायाचे आहे, आणि पुढच्या वर्षी ते त्याच महाविद्यालयात असतील याची खात्री नसल्याने गटाच्याही तोट्याचे आहे. तरीही त्यांच्यावर गट सोपवले जातात. अशा शिक्षकाने सत्राच्या सुरुवातीलाच एका कायम सहकाऱ्याला सह-मेंटॉर म्हणून जोडून घ्यावे.

गट दुसऱ्याकडे जाणार असेल तर नव्या मेंटॉरला प्रत्येक विद्यार्थ्याविषयी दोन-तीन ओळी द्याव्यात: राहिलेले दाखले, एटीकेटीचे (नापास होऊन पुढे राहिलेले) विषय, अपुरी राहिलेली कामे. विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी विद्यार्थ्याला विचारल्याशिवाय पुढे देऊ नयेत, आणि खासगी वहीतील पाने फाडून टाकावीत. दोन्ही शिक्षक व गट यांची एकत्र भेट उन्हाळी परीक्षा सुरू होण्याआधी उरकावी. जूनमध्ये विद्यार्थी पुन्हा गोळा होऊन नव्या मेंटॉरला ओळखू लागेपर्यंत शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाचे अर्ज सुरू झालेले असतात.